तरसाची मादी आणि उलटा विचारलेला प्रश्न

जपानमधल्या सापोरो शहरात मारुयामा नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. २०१० साली तिथे दक्षिण कोरियातून तरसांची एक जोडी आली. एक नर, एक मादी, असं कागदोपत्री लिहिलेलं. पिल्लं व्हावीत म्हणून दोघांना एकत्र आणण्याचे प्रयत्न सुरू झाले, पण काही केल्या जमेना. अशी चार वर्षं गेली. शेवटी दोघांची नीट तपासणी केली तेव्हा उलगडा झाला. दोघंही नर होते.

हसू येतं खरं, पण त्या लोकांची चूक फारशी नाही. ठिपक्यांच्या तरसात नर कुठला आणि मादी कुठली, हे नुसतं पाहून सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. दोघांच्याही पोटाखाली शिश्न दिसतं, दोघांच्याही मागे वृषणकोशासारखी पिशवी दिसते. मादीचा हा अवयव ताठरतोसुद्धा. ती त्यातूनच लघवी करते, त्यातूनच नराशी समागम करते आणि पिल्लंही त्याच वाटेने जन्माला घालते. शिश्नासारख्या अवयवाच्या टोकातून विणारी सस्तन प्राण्यांमधली ही एकटीच मादी.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करायला हवा. जगात आज तरसांच्या चार जाती आहेत. मराठीत नुसतं 'तरस' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पट्ट्यांचा, त्याचा वावर आफ्रिकेपासून भारतापर्यंत आहे. दुसरा दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचा तपकिरी तरस. तिसरा आर्डवुल्फ. हा बिचारा वाळवी खाऊन जगतो, आणि हाडं फोडणाऱ्यांच्या घराण्यात हा कसा जन्माला आला असं वाटावं इतके त्याचे दात किरकोळ असतात. चौथा ठिपक्यांचा, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहणारा. ही गोष्ट फक्त या चौथ्याची आहे. बाकीच्या तिन्ही जातींत वयात आलेल्या माद्या इतर सस्तन माद्यांसारख्याच असतात. आणि चेहरामोहरा कुत्र्यासारखा वाटला, तरी तरस हे मांजर आणि मुंगूस यांच्या बाजूचे नातलग आहेत.

तर या मादीच्या शरीरात नेमकं काय वेगळं आहे? आतून सुरुवात केली तर काहीच वेगळं सापडत नाही. अंडाशय आहेत, गर्भाशय आहे, योनिमार्ग आहे. फरक पडतो तो बाहेर यायच्या दाराशी. शेपटीखाली जिथे योनीचं तोंड असायला हवं, तिथे ते नसतंच. इतर माद्यांमध्ये त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना जे भगोष्ठ असतात, ते हिच्यात एकमेकांना जुळून बंद झालेले असतात आणि आत चरबी भरून त्यांचीच ती पिशवी होते. तिच्यात वृषण वगैरे काही नसतं.

मग आतली वाट बाहेर कुठून निघते? शिश्निकेतून. शिश्निका म्हणजे क्लिटोरिस. बहुतेक सस्तन माद्यांमध्ये हा अवयव लहान असतो आणि त्याच्यातून कुठलीही नळी जात नाही. या मादीत तो ताठरल्यावर १७-१८ सेंटिमीटर लांब होतो आणि त्याच्या मधून एक नळी थेट टोकापर्यंत जाते. मूत्राशयाकडून येणारा मार्ग आणि योनिमार्ग हे दोन्ही आतमध्येच या एका नळीला येऊन मिळतात.

रानात काम करणारे अभ्यासक नर-मादी ओळखतात ते ताठरलेल्या अवयवाच्या टोकावरून. नराचं टोक निमुळतं आणि कोनदार असतं, मादीचं बोथट आणि रुंद. टोकाचा हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळी मेख आहे.

या अवयवाला सर्रास 'खोटं शिश्न' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. खोटं म्हटलं की खरं दुसऱ्या कुणाकडे तरी आहे आणि इथे त्याची नक्कल चालली आहे, हे आपण तपासण्याआधीच ठरवून टाकतो. मग प्रश्नही तसाच पडतो: मादी नरासारखी का झाली? दीडशे वर्षं बहुतेकांनी हाच प्रश्न विचारला.

त्याआधीच्या लोकांना तर तोही पडला नव्हता. प्रत्येक तरस नरही असतो आणि मादीही, किंवा एक वर्ष नर आणि एक वर्ष मादी असा आलटूनपालटून बदलतो, असा प्राचीन ग्रीक आणि रोमन जगात समज होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने तो खोडून काढला. शेपटीखालच्या ज्या खाचेमुळे लोक फसतात, तिला आत कुठेच वाट नाही, असं त्याने लिहिलं. एका शिकाऱ्याने धरलेल्या अकरा तरसांत मादी एकच निघाली, हेही नोंदवून ठेवलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, फक्त त्याच्या वर्णनातला तरस पट्ट्यांचा होता. ठिपक्यांच्या मादीचं तपशीलवार शवविच्छेदन मॉरिसन वॉटसनने १८७७ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे १९३९ मध्ये हॅरिसन मॅथ्यूजने टांगानिका, म्हणजे आजचा टांझानिया, इथे जमवलेल्या नमुन्यांवरून तिच्या प्रजननाचं सविस्तर चित्र मांडलं. म्हणजे शरीर कसं आहे याबद्दलची शंका तेव्हाच फिटली होती. भांडण होतं ते असं का आहे यावर.

त्या भांडणात शिरण्याआधी असं शरीर घेऊन ही मादी जगते कशी, ते पाहू.

समागमाच्या वेळी मादी शिश्निका आत ओढून घेते. सदऱ्याची बाही आत खेचावी तशी. मग पोटाखाली एक तोंड तयार होतं, पण ते इतर माद्यांपेक्षा बरंच पुढे असतं. मागून चढलेल्या नराला जवळजवळ उकिडवं होऊन, आपलं मागचं अंग तिच्या खाली सरकवून, खालून वर नेम धरावा लागतो. नवखे नर यात पुष्कळ धडपडतात. मादी नुसती दोन पावलं पुढे चालली तरी सगळं मुसळ केरात. तेव्हा तिच्या मर्जीशिवाय इथे काहीच होऊ शकत नाही, बळजबरी हा प्रकारच बाद होतो.

त्यामुळे नरांना दुसरे मार्ग धरावे लागतात. टोळीत आलेला नर महिनोन् महिने एखाद्या मादीच्या आगेमागे राहतो, तिच्याशी सलोखा वाढवतो, आणि छळणाऱ्या नरांपेक्षा अशा नरांच्या पदरात जास्त पिल्लं पडतात. टांझानियातल्या गोरोंगोरो विवरातल्या तरसांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये आला. त्यात दिसलं की तरुण माद्या आपल्या जन्मानंतर टोळीत आलेल्या किंवा जन्मलेल्या नरांनाच पसंत करतात. हा एवढासा नियम, पण त्याने स्वतःचा बाप आपोआप यादीतून गळतो. आपला बाप कोण हे ओळखायची गरजच पडत नाही.

इथवर ऐकून वाटेल की वा, काय सोय आहे. आता बाळंतपण पाहू.

ठिपक्यांच्या तरसाची मादी साधारण ११० दिवसांनी विते. बहुधा दोन पिल्लं होतात, आणि ती चांगली थोराड असतात: डोळे उघडे, पुढचे दात आणि सुळे हिरड्यांतून वर आलेले. या पिल्लाला गर्भाशयातून निघून आधी मागे, मग एक तीव्र वळण घेऊन पुढे, आणि शेवटी शिश्निकेच्या टोकातून बाहेर यावं लागतं. ही वाट सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची असते, तेवढ्याच आकाराच्या इतर सस्तन मादीच्या जवळपास दुप्पट. नाळ मात्र १२ ते १८ सेंटिमीटरच. म्हणजे पिल्लू अर्ध्या वाटेवर असतानाच नाळ ताणली जाते, वार (प्लासेंटा) सुटते आणि आईकडून येणारा प्राणवायू बंद होतो. तिथून पुढे पिल्लाची आणि वेळेची शर्यत असते.

शेवटचा टप्पा सर्वांत अरुंद. टोकाचं भोक दोन-सव्वादोन सेंटिमीटरचं आणि पिल्लाचं डोकं त्याच्या कितीतरी पट मोठं. बाळंतपणाच्या सुमाराला संप्रेरकांमुळे तिथल्या ऊती मऊ आणि लवचीक होतात, पण पहिलटकरणीला ते पुरत नाही. शिश्निकेची खालची बाजू फाटते आणि पिल्लू त्या फाटीतून बाहेर येतं. बंदिवासातल्या माद्यांच्या नोंदींत पहिल्या वितीची निम्म्याहून जास्त पिल्लं मेलेली निघाली. काही पहिलटकरणी स्वतःही यात दगावतात. जी वाचते तिची जखम भरते, पण फाट पूर्वीसारखी मिटत नाही. तिथे व्रण राहतो, तोंड कायमचं मोठं होतं आणि पुढची बाळंतपणं बरीच सोपी जातात. हा व्रण पाहूनच मादी एकदा तरी व्यालेली आहे, हे अभ्यासकांना दुरून कळतं.

उत्क्रांतीचा विचार करताना हा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. ज्या रचनेमुळे पहिलं बाळंतपण इतकं महाग पडतं, ती टिकली कशी? निसर्गनिवड असल्या गोष्टी सहसा चाळून टाकते.

सर्वांत सरळ वाटणारं उत्तर होतं पुरुषी संप्रेरकांचं. ते समजून घ्यायला आधी गर्भात डोकवावं लागेल. सस्तन प्राण्याच्या गर्भाला सुरुवातीला नर-मादी असं बाहेरून काहीच नसतं. पुढे एक लहानसा उंचवटा, त्याच्याखाली दोन घड्या आणि बाजूला दोन फुगवटे, एवढंच सामान असतं, आणि ते दोघांतही अगदी सारखं. टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं मिळाली की उंचवट्याचं शिश्न होतं, घड्या जुळून त्याच्यात मूत्रमार्ग बंदिस्त होतो, फुगवटे जुळून वृषणकोश होतो. ती नाही मिळाली की उंचवटा लहान राहून शिश्निका होते, घड्या आणि फुगवटे उघडे राहून भगोष्ठ होतात. एकाच मातीच्या दोन आकृत्या. तेव्हा एखाद्या मादीत शिश्निका मोठी झाली, नळी बंदिस्त झाली आणि भगोष्ठ जुळले, तर तिला गर्भात पुरुषी संप्रेरकं मिळाली असणार, हा तर्क अगदी स्वाभाविक होता.

पुरावेही मिळत गेले. १९७९ मध्ये एका अभ्यासात या माद्यांच्या रक्तात नरांच्या बरोबरीचं टेस्टोस्टेरॉन असल्याचं म्हटलं गेलं. मग १९८०च्या दशकाच्या मध्यात लॉरेन्स फ्रँक आणि स्टीफन ग्लिकमन यांनी केनियातून तरसांची २० पिल्लं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात आणली आणि एक वसाहतच उभी केली. ती २०१४ पर्यंत चालली. या प्राण्याच्या शरीराबद्दल आज जे माहीत आहे, त्यातला मोठा वाटा तिथून आला आहे.

तिथे सापडलेली यंत्रणा मोठी देखणी होती. गाभण मादीचे अंडाशय अँड्रोस्टेनडायोन नावाचं संप्रेरक भरपूर बनवतात. ते स्वतः फारसं जोरकस नसतं. पण ते वारेत पोचलं की वार त्याचं टेस्टोस्टेरॉन करून गर्भाकडे पाठवते. माणसाच्या वारेतही असा कच्चा माल येतो, पण तिथे अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं झपाट्याने स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतं आणि गर्भातली मुलगी सुरक्षित राहते. तरसाच्या वारेत हे विकर फार कमी असतं. आई, वार आणि गर्भ यांची साखळी अशी जुळली आणि कोडं सुटल्यासारखं वाटलं.

मग बर्कलीच्या अभ्यासकांनी तो प्रयोग केला ज्याने सुटलेलं कोडं पुन्हा गुंतलं. गाभण माद्यांना पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारी औषधं दिली. तर्क खरा असेल तर जन्मणाऱ्या माद्या इतर जनावरांच्या माद्यांसारख्या दिसायला हव्या होत्या. तशा त्या झाल्या नाहीत. त्यांची शिश्निका आखूड, जाड आणि रुंद तोंडाची झाली, पण शिश्निकाच राहिली. नळी तिच्यातूनच जात होती आणि शेपटीखाली योनीचं तोंड उघडलेलं नव्हतं. जन्मानंतर लहानपणीच ज्यांचे अंडाशय काढले होते, त्या माद्यांमध्येही हा अवयव वाढतच राहिला. गर्भाच्या विकासाकडे बारकाईने पाहिल्यावर आणखी एक गोष्ट कळली. मादी गर्भाचे स्वतःचे अंडाशय संप्रेरकं बनवण्याच्या स्थितीत येण्याआधीच शिश्निकेची घडण सुरू झालेली असते.

म्हणजे पुरुषी संप्रेरकं या अवयवाला शेवटचा आकार देतात, त्याची लांबी आणि टोक ठरवतात. पण मूळ आराखडा त्यांच्यावर अवलंबून नाही. तो मादीच्या स्वतःच्या घडणीचा भाग आहे. नरत्वाचा रंग चुकून सांडला आणि मादी अशी झाली, ही गोष्ट ऐकायला छान होती, पण प्रयोगापुढे टिकली नाही.

हे 'कसं' झालं. आता 'का'.

त्यासाठी टोळी समजून घ्यावी लागते. ठिपक्यांचे तरस म्हणजे सिंहाच्या उष्ट्यावर जगणारे भित्रे प्राणी, हा समज प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूकने १९७२ साली मोडला. सेरेनगेटी आणि गोरोंगोरोमध्ये त्याने पाहिलं की ते आपलं बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवतात, आणि कित्येकदा उलट सिंहच त्यांची शिकार बळकावतो. त्यांच्या टोळीत काही डझन ते शंभराच्या पुढे प्राणी असतात आणि सत्ता माद्यांची असते. पिल्लाला आईच्या लगेच खालचं स्थान मिळतं. धाकटी लेक थोरलीच्या वर बसते, कारण भांडणात आई धाकटीच्या बाजूने पडते. नर वयात आले की बहुतेक टोळी सोडतात, आणि नव्या टोळीत गेले की रांगेत सर्वांत शेवटी उभे राहतात. तिथल्या कालच्या पिल्लाच्याही मागे.

माद्या इतक्या वरचढ, त्यांच्यापेक्षा आकाराने थोडे लहान नर, आणि वर माद्यांचा तो अवयव. साहजिकच अनेकांनी सगळं एका धाग्यात ओवलं: माद्यांना आक्रमक होण्याचा फायदा होता, त्यासाठी पुरुषी संप्रेरकं वाढली आणि त्या संप्रेरकांचा उपपरिणाम म्हणून हा अवयव आला. उत्क्रांतीचा अभ्यासक स्टीफन जे गूल्डने १९८१ मध्ये हाच युक्तिवाद मांडला होता. प्रत्येक अवयवाला स्वतंत्र 'उपयोग' शोधत बसू नका, काही गोष्टी दुसऱ्या कशाच्या तरी मागोमाग येतात, असं त्याचं म्हणणं. त्याचा इशारा योग्यच होता. पण त्याने दिलेलं हे विशिष्ट उत्तर मघाच्या प्रयोगात अडकतं, कारण संप्रेरकं रोखली तरी अवयव येतोच.

आक्रमकतेचा धागाही वाटतो तितका सरळ नाही. नंतरच्या मोजमापांत असं दिसलं की एरवी, गाभण नसताना, वयात आलेल्या माद्यांचं टेस्टोस्टेरॉन नरांपेक्षा कमीच असतं. गोरोंगोरोतल्या तरसांच्या हजारो लढाया तपासल्यावर निष्पन्न झालं की दोघांच्या भांडणात कोण जिंकेल हे वजनावरून किंवा नर-मादी यावरून ठरत नाही. ज्याच्या पाठीशी जास्त नातलग उभे राहतील तो जिंकतो. माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, म्हणून त्यांच्यामागे गोतावळा असतो. परक्या टोळीत आलेला नर एकटा असतो. जे नर आपल्या जन्माच्या टोळीतच राहतात, ते माद्यांनाही नमवतात.

मग आईची आक्रमकता कुठे कामी येते? जेवणाच्या पंगतीत. टोळीने एखादं विल्डबीस्ट (आफ्रिकेतलं मोठं हरीण) पाडलं की काही मिनिटांत त्याचा फडशा पडतो. उशिरा आलेल्याला शिंगं आणि वासही मिळेल की नाही शंका. आणि हाडं फोडणारा जबडा घडायला फार वेळ लागतो. तरसाचं पिल्लू वर्षभराहून जास्त काळ अंगावर पितं, पण त्यानंतरही, अगदी वयात येऊन गेल्यावरही, त्याची कवटी पूर्ण तयार झालेली नसते. त्या झुंबडीत त्याचा एकट्याचा निभाव लागत नाही. आई दांडगी असेल तर ती बाकीच्यांना हाकलून त्याला जागा करून देते. केनियातल्या मसाई मारात काम करणाऱ्या के होलेकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्यांच्या वर्चस्वाचं मूळ इथे शोधलं आहे, आणि मला स्वतःला हा विचार फार पटतो. त्यांच्याच गटाने २००६ मध्ये विष्ठेच्या नमुन्यांतून आणखी एक गोष्ट दाखवली. वरच्या स्थानावरच्या माद्यांमध्ये गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात पुरुषी संप्रेरकं जास्त असतात आणि त्यांची पिल्लं जास्त दांडगी निघतात. म्हणजे संप्रेरकांचा फायदा आहे. पण हा फायदा स्वभावाचा झाला, अवयवाचा नव्हे.

अवयवाच्या थेट उपयोगाबद्दलही कल्पना मांडल्या गेल्या. सर्वांत प्रसिद्ध आहे ती अभिवादनाची. टोळीतले दोन तरस भेटले की उलटसुलट तोंडं करून शेजारी उभे राहतात, मागचा पाय उचलतात आणि एकमेकांचा ताठरलेला अवयव हुंगतात. मजा अशी की आधी पाय उचलतो तो बहुतेकदा खालच्या स्थानावरचा. म्हणजे इथे ताठरणं ही मर्दुमकीची खूण नसून शरणागतीची आहे. हाडं फोडणाऱ्या जबड्याशेजारी शरीराचा सर्वांत नाजूक भाग उघडा करणं यापेक्षा मोठी शरणागती कुठली? पण हे अभिवादन हाच अवयवाच्या उत्पत्तीचा हेतू होता, असं म्हणणं मला घाईचं वाटतं. हातात काठी असलेला माणूस ती टेकून उभा राहतो, म्हणून काठी टेकण्यासाठीच तोडली होती असं होत नाही. अवयव आधीच असेल तर त्याचा असा वापर नंतरही सुरू होऊ शकतो.

दुसरी कल्पना नकलेची. माद्यांची सर्वांत कडवी भांडणं माद्यांशीच होतात, तेव्हा लहान मादी नरासारखी दिसली तर इतर माद्यांच्या तावडीतून वाचत असेल, असा तो विचार. पण तरसांचं नाक पाहता वासावरून नर-मादी न कळणं कठीण वाटतं.

तिसरी कल्पना वर येऊन गेलीच आहे: या रचनेमुळे समागमाची किल्ली मादीच्या हाती राहते. हिच्या बाजूने सर्वांत ठोस गोष्ट ही की इथे परिणाम रोज दिसतो. एकाच वितीच्या दोन पिल्लांचे बाप वेगळे असल्याचंही आढळलं आहे. बाळंतपणाच्या किमतीसमोर ठेवण्यासारखं काही वजनदार असेल तर ते हेच.

बाजूला आणखी एक धागा आहे. पट्ट्यांच्या तरसाच्या लहान माद्यांमध्ये जननेंद्रियाजवळ नरासारखे वाटणारे फुगवटे येतात आणि वाढत्या वयात जिरून जातात, असं केनियातल्या निरीक्षणांतून दिसलं. मादागास्करमधला फोसा हा मुंगसांचा दूरचा नातलग. त्याच्या तरुण माद्यांमध्येही शिश्निका काही काळ मोठी आणि काटेरी होते, मग आखडते. याचा अर्थ असा निघू शकतो की या प्राण्यांच्या घडणीत हे बी पूर्वीपासून कुठेतरी असावं, आणि ठिपक्यांच्या तरसात ते पूर्ण वाढीला गेलं.

आता बर्कलीच्या त्या प्रयोगाकडे परत, कारण त्याचा अर्धा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. आखूड, जाड शिश्निकेच्या ज्या माद्या जन्मल्या, त्या पुढे वयात आल्या, गाभण राहिल्या आणि व्याल्या. त्यांची पहिली बाळंतपणं इतर माद्यांपेक्षा सोपी गेली. म्हणजे गर्भात मिळणाऱ्या संप्रेरकांची किंमत मादीच मोजत होती, हे सरळ सिद्ध झालं. मग तिला ती मिळतातच कशाला?

त्याच औषधांच्या अंमलाखाली त्याच माद्यांच्या पोटी नरही जन्मले होते. गर्भाशय एकच, वार त्याच प्रकारची, संप्रेरकांचा पुरवठाही तोच. मुलाला वेगळा आणि मुलीला वेगळा खुराक देण्याची सोय आईपाशी नाही. औषधांमुळे या नरांचं शिश्नही बहिणींसारखंच आखूड, जाड आणि बोथट झालं होतं. ते वाढले, वयात आले, माजावर आलेल्या माद्यांच्या मागे लागले. मादी उभी राहिली, तिने शिश्निका आत ओढून घेतली, नर मागून चढला, उकिडवा झाला, खालून वर नेम धरला. निमुळत्या टोकाचं शिश्न ज्या वाटेत बरोबर बसतं, त्या वाटेत त्याचं बोथट टोक काही केल्या शिरेना.